द्रोणभर भातापासून नाळीभर भातापर्यंत : कोसलराजा प्रसेनजित

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते तेव्हा तीत भगवंतांवर, बाबासाहेबांवर, माता रमाईंवर, सम्राट अशोकावर लेख येतात. ते यायलाच पाहिजेत. पण यंदा संपादक मंडळाने आम्हाला लिहायला सांगितले, तेव्हा आम्ही ठरवले की जरा वेगळ्या माणसाचे चरित्र सांगावे. तो राजा होता. पण त्याची जी अडचण होती, ती आज आपल्या घराघरात येऊन बसली आहे. तो म्हणजे कोसल देशाचा राजा प्रसेनजित. पालीत त्याला पसेनदि म्हणतात. आणि त्याची अडचण होती खाण्याची.

आम्ही पंडित नाही. शाळा सातवीत सुटली. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर उभ्याने आयुष्य गेले. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर, विहारातल्या कपाटातली पुस्तके घरी नेऊन. तेव्हा चूकभूल झाल्यास जाणकार उपासकांनी सुधारून घ्यावी.

राजघराणे

प्रसेनजित हा राजा महाकोसलाचा पुत्र. राजधानी श्रावस्ती, अचिरावती नदीकाठी. हीच आजची राप्ती. उत्तर प्रदेशात सहेत-महेत नावाचे अवशेष आहेत, तेच जेतवन आणि श्रावस्ती, असे अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८६३ साली ओळखले. त्या काळी काशीही कोसलाच्याच ताब्यात होती. मगधाच्या खालोखाल म्हणा किंवा बरोबरीने म्हणा, असे हे बलाढ्य राज्य.

राजपुत्र असताना प्रसेनजित तक्षशिलेला शिकायला गेला. तिथे लिच्छवींचा महाली आणि मल्लांचा बंधुल हे दोघे त्याचे सोबती. यातला बंधुल पुढे त्याचा सेनापती झाला. त्याचे नाव ध्यानात ठेवावे, कारण ही गोष्ट शेवटी त्याच्याकडेच येते. प्रसेनजिताची बहीण कोसलदेवी ही मगधराज बिंबिसाराला दिली होती. तिच्या न्हाण्या-धुण्याच्या खर्चासाठी म्हणून काशीकडचे एक गाव आंदण दिले होते.

राजा भगवंतांना पहिल्यांदा भेटला तेव्हा त्याला शंकाच होती. मोठमोठे म्हातारे आचार्य आपल्याला संबोधी झाली असे म्हणत नाहीत, मग हा वयाने लहान श्रमण कसे म्हणतो, असे त्याने तोंडावर विचारले. भगवंत रागावले नाहीत. राजपुत्र, साप, अग्नी आणि भिक्खू हे चौघे लहान दिसले तरी त्यांना कमी लेखू नये, हे त्यांनी समजावून दिले. राजा उपासक झाला. बाबासाहेबांनीही आपल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात प्रसेनजिताच्या धम्मस्वीकाराची हकीकत दिली आहे. भारहूतच्या स्तूपावर तर त्याची स्वारी रथासह कोरलेली आहे आणि खाली त्याचे नावही आहे.

पण उपासक झाला म्हणजे एका रात्रीत माणूस बदलला असे नाही. संयुक्त निकायात कोसल-संयुक्त नावाचा एक भागच या राजावर आहे. त्यात हा राजा जसा होता तसा दिसतो. एकदा त्याने मोठा यज्ञ मांडला. पाचशे बैल, पाचशे गोऱ्हे, पाचशे कालवडी, शिवाय बोकड आणि मेंढे खांबाला बांधले. दास, नोकर, कामकरी दंडाच्या भीतीने रडत रडत कामाला जुंपलेले होते. आम्ही गिरणी कामगार. आम्हाला त्या जनावरांबरोबर ही रडणारी माणसेही दिसतात. सुत्त लिहिणाऱ्यांनी त्यांना विसरले नाही, हे आम्हाला फार मोलाचे वाटते. जातककथेप्रमाणे राणी मल्लिकेने राजाला भगवंतांकडे नेले आणि ती जनावरे सुटली.

ही मल्लिका कोण? माळ्याची पोर. श्रावस्तीतल्या एका माळ्याच्या घरची. तिने आपल्या वाट्याचे साधे खाणे भगवंतांच्या पात्रात घातले होते, अशी कथा आहे. पुढे ती राणी झाली. तिला मुलगी झाली तेव्हा राजाचे तोंड उतरले. त्यावेळी मुलगीसुद्धा मुलापेक्षा सरस निघू शकते, हे भगवंतांनी त्याला सांगितले. अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितले, आणि आपल्याकडे अजून मुलगी झाली की पेढे वाटायला हात आखडतो.

द्रोणभर भात

आता मुख्य गोष्टीकडे येऊ.

राजाचा आहार फार दांडगा होता. एका वेळेला द्रोणभर तांदळाचा भात आणि त्याच्या जोडीला कालवणे. आपल्याकडे पायली, शेर, मापटे, चिपटे अशी मापे होती, तशी त्यांच्याकडे द्रोण आणि नाळी. जुन्या कोष्टकाप्रमाणे सोळा नाळी म्हणजे एक द्रोण. यावरून अंदाज करा.

असा जेवून राजा भगवंतांच्या दर्शनाला आला. पोट तडस लागेस्तोवर भरलेले. धाप लागलेली. अट्ठकथेत म्हटले आहे की धड बसता येईना, आडवेही होता येईना, डोळ्यांवर झापड. नुसता इकडून तिकडे कलंडत होता. समोर भगवंत आणि हा झोपेने डुलतोय.

आता इथे भगवंतांनी काय केले ते बघावे. हसले नाहीत. राजाच्या ढेरीवर काही बोलले नाहीत. उपास कर म्हणाले नाहीत. त्यांनी एक छोटी गाथा सांगितली. तिचा आशय असा, की जो माणूस सतत स्मृती जागी ठेवतो, मिळालेल्या अन्नात प्रमाण ओळखतो, त्याचे दुखणे हलके होते, अन्न सावकाश पचते आणि आयुष्य राखले जाते. एवढेच. स्मृती म्हणजे पालीतली सती. आपण काय करतोय याचे भान.

त्यावेळी राजाच्या पाठीमागे सुदर्शन नावाचा ब्राह्मण तरुण उभा होता. राजाने त्याला ती गाथा पाठ करायला सांगितली आणि रोज जेवणाच्या वेळी म्हणून दाखवायचे काम दिले. त्यासाठी रोजचे शंभर कहापण लावून दिले. कहापण म्हणजे त्या काळचे नाणे.

अट्ठकथेत पुढचा बारकावा आहे आणि आमच्या मते खरे मर्म तिथेच आहे. गाथा जेवणाच्या सुरुवातीला म्हणायची नव्हती. राजा शेवटचा घास हातात घेईल तेव्हा म्हणायची. ती ऐकली की राजाने तो घास खाली ठेवायचा. मग त्या घासात भाताची शिते किती ते मोजायचे आणि दुसऱ्या वेळेला तेवढेच तांदूळ कमी शिजवायचे. म्हणजे पहिल्या दिवशी फक्त एक घास कमी झाला. दुसऱ्या दिवशी आणखी एक. भुकेने जीव कासावीस झाला नाही, अन्नही रोज वाया गेले नाही. असे होता होता राजा द्रोणावरून नाळीभर भातावर आला. अंग हलके झाले. एके दिवशी त्याने स्वतःच्या अंगावरून हात फिरवला आणि भगवंतांनी आपल्यावर इहलोकीचे आणि परलोकीचेही उपकार केले, असे समाधानाने बोलून दाखवले.

राजाच्या घरात वैद्य होते, आचारी होते, हुकमाचे नोकर होते. तरी उपयोगी पडली ती चार साधी कामे. एक, आठवण करून देणारा माणूस शेजारी ठेवला, कारण खाताना स्वतःची आठवण स्वतःला राहत नाही. दोन, आठवण नेमक्या वेळी करून दिली. तीन, मोजले. चार, घाई केली नाही.

आमची गोष्ट

हे आम्हाला का भिडले ते सांगतो. गिरणीत जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. हात धुवायला रांग, बसायला जागा नाही, भोंगा कधी होईल याचा नेम नाही. डबा उघडायचा आणि वचावचा खायचे. रात्रपाळीला झोप येऊ नये म्हणून चहा आणि वडापाव, तोही उभ्याने. अशी वर्षानुवर्षे सवय लागली. घरीसुद्धा टीव्हीपुढे ताट. काय खाल्ले, किती खाल्ले, पत्ता नाही. पुढे वजन चौऱ्याण्णव किलोवर गेले, गुडघे बोलायला लागले आणि तपासणी शिबिरात साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी खाणे कमी करा म्हणून सांगितले. कमी करायचे कसे, ते मात्र कुणी सांगितले नाही.

आणि दुसरी गोष्ट मनात टोचत होती. आमची आई दुष्काळात खडी फोडायला गेलेली बाई. तिने भाकरीचा तुकडा कधी टाकू दिला नाही. ताटात काही राहिले तर तिचा जीव तुटायचा. ज्यांच्या बापजाद्यांनी शिळ्यापाक्यावर दिवस काढले, त्यांच्या लेकरांनी पोटभर जेवावे यात चूक ते काय? आपल्या पंगतीत आग्रह होतो तो माजाने होत नाही. तो जुन्या भुकेच्या आठवणीने होतो. अशा समाजाला कमी खा म्हणून सांगायला आमची जीभ रेटत नव्हती.

याचे उत्तर आम्हाला धम्मपदातच मिळाले. सुखवग्गात २०४ वी गाथा आहे ती प्रसेनजिताच्या या प्रसंगाशी जोडलेली आहे. तिच्या अगोदरची, म्हणजे २०३ वी, कुणाची आहे? आळवी गावच्या एका गरीब शेतकऱ्याची. त्याचा बैल हरवला होता. तो शोधून उपाशीपोटी, धावतपळत तो उपदेश ऐकायला आला. भगवंत त्याच्यासाठी थांबून राहिले होते. तो आल्यावर त्यांनी अगोदर त्याला जेवायला वाढायला लावले, आणि तो जेवल्यावरच उपदेश केला. काही भिक्खूंना ते रुचले नाही. तेव्हा भुकेएवढे मोठे दुखणे नाही, हे त्यांनी सांगितले. भगवंत स्वतः सहा वर्षे उपास-तापास करून हाडांचा सापळा झाले होते आणि सुजातेची खीर घेऊन मग मध्यम मार्गावर आले. त्यांना भूक पुस्तकातून शिकावी लागली नव्हती.

म्हणजे उपाशी शेतकऱ्याला वाढणारा आणि राजाचा एक घास थांबवणारा गुरू एकच आहे. दोन्ही गाथा एकाच पानावर शेजारी शेजारी आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २४ टक्क्यांचे वजन प्रमाणाबाहेर निघाले आणि त्याच पाहणीत सुमारे १९ टक्के स्त्रिया खंगलेल्या निघाल्या. पुरुषांचे आकडेही फारसे वेगळे नाहीत, २३ आणि १६ टक्के. आळवीचा शेतकरी आणि कोसलचा राजा आज एकाच वस्तीत राहतात. कधी कधी तर एकाच घरात.

तिसरा नमुनाही कोसल-संयुक्तात आहे. श्रावस्तीत एक श्रेष्ठी निपुत्रिक मेला. ऐंशी लाख सोने मागे ठेवून मेला, पण आयुष्यभर कण्यांचा भात आणि आंबील खाल्ली, ताग्याचे कपडे नेसला. त्याची संपत्ती वाड्यात आणून राजा भर दुपारी भगवंतांकडे आला होता. पैसा असून ज्याने स्वतःला सुख दिले नाही, बायकापोरांना, नोकरचाकरांना दिले नाही, त्याची भगवंतांनी वाखाणणी केली नाही. तेव्हा कमी खाणे म्हणजेच पुण्य, असाही अर्थ कुणी काढू नये.

आम्ही राजाची रीत घरी लावून पाहिली. आम्हाला शंभर कहापण परवडणारे नाहीत, म्हणून सुदर्शनाचे काम नातीला दिले. टीव्ही बंद. पहिला घास हातात घेतला की क्षणभर थांबायचे. ही भूक पोटाची, जिभेची की नुसत्या वैतागाची, एवढे बघायचे. घास नीट चावायचा. पोट भरल्याचा सांगावा मेंदूला पोचायला वीसेक मिनिटे लागतात, असे डॉक्टर सांगतात. पाच मिनिटांत जेवणाऱ्याला तो सांगावा मिळायच्या आत तो दुसऱ्यांदा भात घेऊन बसलेला असतो. ताट संपत आले की नात आठवण करून देते. ताटात टाकत नाही, आईचा शब्द मोडत नाही. पण दुसऱ्या दिवशी भाताचे तेवढे तांदूळ कमी घेतो. दीड वर्षात वजन शहाऐंशीवर आले. फार नाही. लग्नाच्या पंगतीत अजून पाय घसरतो. पण घसरलेला कळतो, हे पूर्वी होत नव्हते.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात डॉ. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली सतीच्या सरावाचा वर्ग रुग्णांसाठी सुरू केला. त्यात एकच बेदाणा हातात घेऊन, बघून, हुंगून, सावकाश चावून खायला शिकवतात. आपले धन जग फिरून आले आणि आपण मात्र ते कपाटात ठेवले. एक खबरदारी मात्र सांगतो. ज्यांना इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण कमी करू नये, साखर एकदम खाली जाते. आणि जाड माणसाला पंगतीत हसू नये. भगवंत हसले नव्हते.

शेवट

चरित्र इथेच थांबवले तर ते अर्धेच राहील. राजाने ताट सांभाळले. कान सांभाळले नाहीत.

बंधुल सेनापतीबद्दल दरबारात चहाड्या झाल्या, की तो राज्य बळकावणार आहे. राजाने चौकशी केली नाही. सीमेवरचे बंड मोडायला म्हणून बंधुलाला आणि त्याच्या मुलांना पाठवले आणि कपटाने ठार करवले. मग खरे कळले. पश्चात्ताप झाला, पण मेलेला मित्र परत येत नाही. त्याने बंधुलाचा भाचा दीघकारायण याला सेनापती केले. भाच्याच्या मनात मात्र ते राहिलेच.

दुसरीकडे शाक्यांनी राजाला फसवले होते. कोसलराजाने शाक्य कन्या मागितली तेव्हा कुळाच्या अभिमानापायी त्यांनी महानाम शाक्याची दासीपासून झालेली मुलगी वासभखत्तिया दिली. तिचा मुलगा विडूडभ आजोळी गेला, तेव्हा तो बसलेला पाट दूधपाण्याने धुतला. हे विहारात स्पष्ट सांगितले पाहिजे. भगवंतांच्या स्वतःच्या कुळातही विटाळाचा हा रोग होता. राजाला कळल्यावर त्यानेही मायलेकरांचा मान काढून घेतला. भगवंतांनी त्याला समजावले, की आईच्या कुळावरून मुलाला खाली ढकलू नये. तेव्हा मान परत दिला. पण मुलाच्या मनातली आग विझली नव्हती. पुढे त्याच आगीत शाक्य भस्म झाले.

मल्लिका आधीच वारली होती. ऐंशी वर्षांचा म्हातारा राजा शाक्यांच्या एका गावी भगवंतांच्या दर्शनाला गेला. खड्ग आणि मुकुट बाहेर दीघकारायणाजवळ दिले. आत जाऊन त्याने भगवंतांच्या पायांवर डोके ठेवले आणि आपण दोघेही ऐंशीचे, असे जिव्हाळ्याने म्हणाला. बाहेर आला तर सेनापती राजचिन्हे घेऊन निघून गेला होता. विडूडभाला गादीवर बसवले होते. राजाजवळ एक घोडा आणि एक दासी उरली. भाचा अजातशत्रू मदत करील म्हणून तो राजगृहाकडे निघाला. ज्या भाच्याला त्याने काशीच्या लढाईत पकडूनही जिवंत सोडले होते, तोच हा. पोचायला रात्र झाली. वेशीचे दरवाजे बंद झालेले. बाहेरच्या धर्मशाळेत, प्रवासाने गळालेला तो म्हातारा त्या रात्री मेला. अजातशत्रूने सकाळी इतमामाने अंत्यविधी केला.

आम्ही या शेवटाचा पुष्कळ विचार केला. ज्याने शिते मोजून स्वतःला सावरले, त्याला बंधुलाबद्दलची चहाडी गिळण्याआधी एक क्षण थांबता आले नाही. त्या वेळी त्याच्या पाठीशी सुदर्शन उभा नव्हता. सती फक्त ताटापुरती ठेवली तर ती अपुरी पडते. पण ताटापासून सुरुवात करता येते, कारण ताट दिवसातून दोन-तीनदा समोर येतेच. एवढी हक्काची संधी वंदनासुद्धा देत नाही.

म्हणून आमची विहाराला एक विनंती आहे. वर्धापनदिनाचे भोजनदान असेल तेव्हा आळवीच्या शेतकऱ्याला आधी वाढावे. वस्तीत कुणी उपाशी नाही ना, ते पाहून मग पंगत बसावी. आणि पंगत बसल्यावर एखाद्या लहान मुलाने सुदर्शनाचे काम करावे. आग्रह करणाऱ्या हातांनी त्याचे ऐकावे.

जयभीम. नमो बुद्धाय.